मदत हवी आहे: जुना कॉम्प्युटर वायफायला जोडायचाय (अर्जंट)

खटपट्या: युजर पोर्टला वायफाय मोडेम लावला. स्क्रीनवर नुसता कचरा येतो. टर्मिनल (मोडेमशी बोलणारा प्रोग्राम) बदलून पाहिलं, तेच. रविवारी मित्र येणारेत, त्याआधी चालू व्हायला हवं. कोणी केलंय का?

बोरीबंदर: जुना म्हणजे किती? पेंटियम असेल तर यूएसबी डोंगल घाला, विषय संपला.

खटपट्या: युजर पोर्ट लिहिलंय की! कमोडोर ६४, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, दुसरं काय असणार?

निशाचर: बीबीसी मायक्रोलाही युजर पोर्ट असतो. असो. मोडेमची चिप कुठली, बॉड रेट (डेटाचा वेग) किती? कचरा म्हणजे विचित्र चिन्हं, की फक्त लहान-मोठी अक्षरं उलटी? उलटी असतील तर पेटस्की (कमोडोरची अक्षरसंकेत पद्धत) आणि आस्की (बाकीच्यांची) यांचा घोळ.

खटपट्या: चिन्हं. ईएसपी८२६६. टर्मिनल सीसीजीएमएस, वेग ९६००.

निशाचर: मग तिथेच अडलंय. ६४ मध्ये यूआर्ट (बिट पाठवणारी-घेणारी वेगळी चिप) नाही, रॉममधला प्रोग्राम एकेक बिट स्वतः मोजतो. २४०० च्या पुढे त्याला दम लागतो. ९६०० हवं तर मोडेमवर यूपी९६०० ची जोडणी पाहिजे, काही पिना एकमेकींना जोडलेल्या. माझा मोडेम १२०० वर सुरू होतो. टर्मिनल १२०० ला ठेवून एटी (मोडेमला हाक मारायची कमांड) टाइप करा, ओके येतं का बघा.

तात्या_सोल्डर: ते राहू द्या, पॉवर सप्लाय मूळचा आहे का? त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर गेला की व्होल्टेज चढतं आणि रॅम जळते. आधी मीटर लावा. मशीन चालू असताना मोडेम काढू-घालू नका, त्याच पोर्टवर ९ व्होल्ट एसी आहे.

बोरीबंदर: एवढा उपद्व्याप कशाला? लॅपटॉपवर व्हाइस एम्युलेटर (६४ ची नक्कल करणारा प्रोग्राम) टाका.

तात्या_सोल्डर: हो, आणि हापूस सोडून इसेन्स प्या.

खटपट्या: १२०० ला ओके आलं!! पण घरचं वायफाय यादीत दिसतच नाही. शेजारच्यांचं दिसतंय.

निशाचर: राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल. ८२६६ ला २.४ च कळतं. सेटिंगमध्ये चालू करा.

रम्य_ते_दिवस: डेटासेटचा (६४ चा कॅसेट प्लेयर) बेल्ट पुण्यात कुठे मिळेल?

खटपट्या: जोडलं एकदाचं. आता मराठी साइट कशी उघडायची?

निशाचर: नाही उघडणार. १ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एचटीटीपीएसचं (साइटच्या सुरक्षित जोडणीचं) गणित त्याला झेपत नाही. शिवाय देवनागरी कुठून आणणार? टेलनेटवरचे बीबीएस (नुसत्या मजकुराचे जुन्या धाटणीचे फोरम) बघा: एटीडीटी (डायल करायची कमांड), मग पत्ता, अपूर्णविराम, पोर्ट नंबर.

खटपट्या: एवढंच?

तात्या_सोल्डर: मीटर लावला का, ते सांगा.