मदत हवी आहे : जॉर्डन, दाना ते फेनान ट्रेक, ११ जण, बाबांचा गुडघा

नमस्कार मंडळी, नॅशनल डेच्या सुट्टीत आम्ही दुबईतले ११ जण जॉर्डनला जातोय, आणि पेट्राच्या आधी एक दिवस दाना ते फेनान चालायचं ठरलंय. इथे कुणी केलाय का हा ट्रेक?

दाना गाव साधारण १२०० मीटरवर, फेनान ३०० च्या आसपास, मधे १४-१५ किमीची दरी, म्हणजे जवळपास सगळी वाट उतरतीच. त्यामुळे ग्रुपमधे सगळे म्हणतायत उतारच आहे ना मग कसली काळजी. पण सह्याद्रीत भटकलेल्यांना माहितीय, चढताना दम लागतो, गुडघे मात्र उतरताना बोलायला लागतात. आणि इथे अर्ध्यात थांबलं तर मागे फिरणं म्हणजे तेवढाच चढ.

बाबा ६७ चे आहेत. शाळेत इतिहास शिकवायचे, खरं तर हा ट्रेक त्यांच्यासाठीच ठरलाय. फेनानला हजारो वर्षं तांबं काढत होते, रोमन लोक त्याला फायनो म्हणायचे, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिश्चनांना शिक्षा म्हणून तिथल्या खाणीत पाठवलं जायचं, तांबं गाळून उरलेल्या काळ्या मळीचे ढीग अजून पडलेत तिथे. बाबांनी जुन्या वहीत पेन्सिलीने दरीचा नकाशा काढलाय, फायनोभोवती दोनदा गोल केलाय. परवा प्रॅक्टिस म्हणून आम्ही बिल्डिंगचे १४ मजले जिन्याने उतरलो, तर नवव्या मजल्यावर ते कठडा धरून थांबले आणि उजव्या वाटीच्या वर तळवा दाबून ठेवला. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून मला झोप नाही.

माझ्या डोक्यात असं आहे की दाना गावातून निघाल्यावरचा पहिला टप्पाच खडा आहे, खाली दरीत वाट बरीच सौम्य होते, मग बाबांना आणि आईला गाडीने वळसा घालून फेनानला न्यायचं आणि त्यांनी खालून तास-दीड तास वर चालत येऊन आम्हाला भेटायचं. असं कुणी केलंय का? शेवटच्या कच्च्या रस्त्यावर तिथल्या बेदुईन लोकांचे पिकअप चालतात, ते आधी सांगून ठेवावे लागतात का?

गाडीचं पण सांगा, वळसा खूप मोठा आहे, दोन-अडीच तास तरी जातात. गेल्या वर्षी ओमानमधे एका एजंटने गाडी आम्ही निघालो तिथेच उभी ठेवली आणि आम्ही दुसऱ्या टोकाला अंधारात लहान मुलांना घेऊन बसलो होतो, ते परत नको.

पाणी माणशी ३ लिटर धरलंय, वाटेत मिळेल असं गृहीत धरत नाहीये, पुरेल का? वर थंडी आणि खाली ऊन, तर कपड्यांचं काय केलंत? वर पठारावर पाऊस झाला तर वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीच्या दरीत, अचानक लोंढा येतो, म्हणून आकाश भरलेलं दिसलं तर ट्रेक रद्द, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. दानाचं अभयारण्य सांभाळणाऱ्या जॉर्डनच्या रॉयल सोसायटीचा (RSCN) गाईड घ्यायचाच आहे.

बाबांना अजून काही बोललेलो नाही. रविवारी फोनवर विचारणार आहे, त्याआधी ज्यांनी ज्येष्ठांना घेऊन ही वाट केलीय त्यांनी प्लीज लिहा.