कॉलेजच्या नेटवर्कवर टॉरेंटचा स्पीड अगदीच कमी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक खोलीत लॅनचा पॉइंट आहे. ब्राउझरमधून मोठी फाइल उतरवली तर सेकंदाला ५-६ मेगाबाइट आरामात मिळतात. तीच फाइल टॉरेंटने (म्हणजे एका सर्व्हरऐवजी अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्याने) घेतली की स्पीड ४०-५० किलोबाइटच्या वर जात नाही, मध्येच पार शून्यावर येतो. दोन्ही आकडे बाइटमधलेच आहेत, बिट-बाइटचा घोळ नाही. उतरवतोय ते उबुंटू आणि डेबियन या लिनक्स सिस्टिमचे आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फाइली. ते अधिकृतपणेच टॉरेंटने वाटले जातात आणि सीडर (पूर्ण फाइल असलेले आणि ती इतरांना देणारे) भरपूर असतात, त्यामुळे समोर देणारंच कोणी नाही असंही म्हणता येत नाही.

क्लायंट, म्हणजे टॉरेंटचं सॉफ्टवेअर, क्यूबिटटॉरेंट आहे. बाहेरून थेट एकही कनेक्शन येत नाही, असं तो दाखवतो. ते साहजिक आहे, कारण माझा आयपी १० ने सुरू होणारा खाजगी पत्ता आहे आणि पोर्ट फॉरवर्ड करायला (बाहेरून येणारं कनेक्शन माझ्या लॅपटॉपकडे वळवायला) राऊटर काही माझ्या हातात नाही. जिथे विचाराल तिथे लोक हेच कारण सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. बाहेरचे माझ्यापर्यंत पोहोचू शकत नसले तरी मी त्यांच्यापर्यंत जाऊ शकायला हवं, आणि सीडरकडून घ्यायला तेवढं पुरतं. शिवाय हाच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला की हाच टॉरेंट झपाझप उतरतो. मोबाइलचं नेटही बहुतेक वेळा नॅटच्या (अनेकांना मिळून एकच बाहेरचा आयपी देणाऱ्या व्यवस्थेच्या) मागेच असतं ना?

माझा संशय बाहेर जाणाऱ्या पोर्टवर आहे. ट्रॅकर (फाइल कोणाकोणाकडे आहे ते सांगणारा सर्व्हर) शेकडो पीअर (फाइल देणारे-घेणारे संगणक) देतो, पण जोडले जातात दोन-तीनच, आणि जे जोडले जातात त्यांचा पोर्ट बहुतेक वेळा ४४३ किंवा ८०, म्हणजे वेबसाइटसाठीचा, असतो. डीएचटीचे (ट्रॅकरशिवाय पीअर शोधायच्या सोयीचे) नोड कायम शून्य, म्हणजे ती सोय ज्यावर चालते ते यूडीपीही अडवलेलं दिसतंय. एन्क्रिप्शन सक्तीचं करून पाहिलं, काही फरक नाही. अपलोडवर मर्यादा घातली, कारण अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात. त्यानेही फरक नाही. पण फायरवॉल टॉरेंट ओळखून मुद्दाम वेग कमी करत असेल, तर तेही असंच दिसेल का? हे दोन्ही वेगळे ओळखायची खात्रीची पद्धत कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

आता खरा कळीचा भाग. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना लॅबसाठी हाच आयएसओ लागतो. शेजारच्या खोलीत तो पूर्ण उतरलेला आहे, क्लायंट चालू आहे, लोकल पीअर डिस्कव्हरीही (आपल्याच नेटवर्कवरचे पीअर शोधायची सोय) चालू आहे. मजल्यावरचे लॅपटॉप एकमेकांना आपोआप सापडतात आणि सेकंदाला ११ मेगाबाइटने फाइल येते. १०० मेगाबिटच्या लॅनवर याहून फार जास्त मिळणारच नाही, म्हणजे केबल आणि क्लायंट दोन्ही ठीक आहेत. पण वरच्या मजल्यावरच्या मुलांना आम्ही दिसतच नाही. ही सोय २३९.१९२.१५२.१४३ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांपर्यंत पोहोचणाऱ्या) पत्त्यावर हाक मारते, आणि प्रत्येक मजल्याला वेगळं व्हीलॅन (आतल्या आत वेगळं केलेलं नेटवर्क) असल्यामुळे ती हाक मजल्याबाहेर जात नसावी. मात्र आयपी आणि पोर्ट हाताने टाकून पीअर जोडला की वरच्या मजल्यावरूनही तोच वेग मिळतो. म्हणजे रस्ता उघडा आहे, फक्त पत्ता कळत नाही. एकच फाइल शंभर जणांनी बाहेरून ओढायची आणि सगळ्यांचं नेट मंद करायचं, हे मला फार चुकीचं वाटतं.

व्हीपीएन सुचवू नका, प्लीज. कॉलेजच्या नियमात ते बसत नाही आणि बाहेरच्या लाइनवरचा ताणही त्याने कमी होणार नाही. मला नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांकडे रीतसर मागणी घेऊन जायचंय. कॉलेजच्या आतच एक छोटा ट्रॅकर चालवला, तर त्याला प्रत्येकाचा आतला १० चाच पत्ता दिसेल आणि तो तोच पत्ता बाकीच्यांना देईल, असा माझा हिशोब आहे. ओपनट्रॅकर हे ट्रॅकरचं सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेल का? की आत सरळ डेबियन-उबुंटूचा मिरर (त्यांच्या फाइलींची आतली प्रत) ठेवा म्हणावं? मिररला डिस्कवर जागा बरीच लागते, म्हणून सर नाही म्हणतील अशी धास्ती आहे. ज्यांनी कॉलेजमध्ये किंवा ऑफिसात यातलं काही उभं केलंय त्यांनी सांगा, परवानगी मागताना सरांना नेमकं काय दाखवलंत? आणि ट्रॅकर फक्त आतल्यांनाच उघडा राहील, याची काळजी कशी घेतलीत?