‘देश एक, वेळ एक’ म्हणणाऱ्यांनी आमची रात्रपाळी बघावी

सातरस्ता : काल इथं एकानं ज्ञान दिलं, “आपला देश एक, वेळ एक. डेटाबेसमध्ये डेटटाइम कॉलम घ्या, भारतीय वेळ टाका. यूटीसी, ती जागतिक प्रमाण वेळ, म्हणजे नुसती नाटकं.” हेच ऐकून मी एका टॉवेल कारखान्याच्या हजेरीचं वाटोळं केलंय. सर्व्हर क्लाउडवर हलवला, तिथलं घड्याळ यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मध्यरात्र ते पहाटे साडेपाचची प्रत्येक नोंद आदल्या तारखेला. रात्रपाळीचे पगार कापले गेले. मग एकानं कोडमध्ये साडेपाच तास मिळवले, दुसऱ्यानं त्याला न विचारता रिपोर्टमध्ये. रात्री दहाची हजेरी पहाटे साडेतीनला! जुन्या ओळी भारतीय, नव्या यूटीसी, आणि डेटटाइम नुसते आकडे ठेवतो, ते कुठल्या वेळेचे याचा त्याला पत्ताच नाही.

कडकभाकरी : काय बोलालालाय बे? चूक कॉलमची का तुमची? सेशनचा, म्हणजे डेटाबेसच्या जोडणीचा, टाइमझोन +05:30 केला असता तर विषय मिटला होता. माझ्या दुकानाचं बिलिंग नऊ वर्षं डेटटाइमवर आहे, एका तारखेची चूक नाही. तुमचा लाडका टाइमस्टॅम्प, तो यूटीसीत वेळ ठेवणारा कॉलम, मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये 2038 च्या जानेवारीत संपतोय, ते बघा आधी.

सातरस्ता : तुमचं दुकान नऊला बंद होतं. कारखान्यातले माग होत नाहीत.

तिथीवार : मुळात मध्यरात्री तारीख बदलणंच चूक. आपल्याकडं वार सूर्योदयाला बदलतो. दाते पंचांग ज्या गावातून निघतं तिथल्या लोकांना हे सांगावं लागतंय! भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या 82.5 रेखांशाची. सोलापूरचा सूर्य त्याच्या 26 मिनिटं मागं.

कडकभाकरी : मग 26 मिनिटांचा वेगळा कॉलम काढू का?

तिथीवार : हसा. आमच्या आजीचा जन्म 1943 चा. महायुद्धात देशाचं घड्याळ तासभर पुढं होतं. पत्रिका करणाऱ्यानं तो तास वजा केला नाही, लग्नच चुकलं. पत्रिकेतलं म्हणतोय, आजोबा चांगले होते.

सातरस्ता : विषय हजेरीचा होता हो. पण घ्या, ‘वेळ एक’ची हवा गेली. संगणकाच्या टाइमझोन यादीत भारताचा जो एशिया/कोलकाता झोन आहे, त्यात तो यूटीसीच्या 6:30 तास पुढचा काळ नोंदलेलाय.

चादरवाला : यूटीसीवाल्यांनीही फार उडू नये. जर्मन गिऱ्हाइकाशी दर सोमवारी त्यांच्या दहाला कॉल. उन्हाळ्यात यूटीसी करून ठेवला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागं गेलं. आम्ही दीडला कॅमेऱ्यासमोर, ते अडीचला आले. तासभर एकमेकांची तोंडं बघितली. घडून गेलेलं यूटीसीत ठेवा, पुढचं ठरलेलं तिथल्या वेळेत, सोबत युरोप/बर्लिन असं नाव. पोस्टग्रेस डेटाबेसचा टाइमझोनवाला प्रकारसुद्धा झोन लक्षात ठेवत नाही, नुसता क्षण ठेवतो.

सातरस्ता : हे मान्य. नाइलाजानं.

कडकभाकरी : एवढे विद्वान जमलेत तर तपासायचं कसं तेही सांगा.

सातरस्ता : तुमचं सॉफ्टवेअर ज्या कनेक्शननं लिहितं, त्यावरूनच नाऊ (सेशनची आत्ताची वेळ) आणि यूटीसी_टाइमस्टॅम्प (यूटीसीतली आत्ताची वेळ) एका ओळीत मागवा. फरक साडेपाच तास यायला पाहिजे.

कडकभाकरी : शून्य येतोय.

सातरस्ता : म्हणजे तुमचं सेशन यूटीसीतच. आणि नऊ वर्षं एक चूक नाही?

कडकभाकरी : बिलावर फक्त तारीख छापतो. दुकान दहाला उघडतं, तेव्हा यूटीसीत साडेचार वाजलेले असतात, तारीख तीच. हसू नका बे.