मदत हवी आहे: स्केटबोर्डचे बूट टिकतच नाहीत, काय घेऊ?

तळजाईचा_उतार

थेट मुद्द्यावर येतो, कारण शनिवारी चिंचवडहून मित्र येतायत आणि त्याआधी सोय करायला हवी. रोज पहाटे बोर्ड चालवतो, पार्कात नाही, रस्त्यावरच. बूट टिकत नाहीत. आत्ताचा जोड स्वेडचा आहे. घेताना दुकानदार म्हणाला होता, वर्षभर बघायला नको. आणि उजव्या बुटाला भोक पडलंसुद्धा, मोजा दिसतो. डावा जवळपास नवा आहे. गोंद लावून झाला, टेप लावून झाली. बजेट ३००० च्या आसपास. कोणता बूट घेऊ? "आधी नीट शिका" असले सल्ले कृपया नकोत.

ग्रिपटेप

उजवा फाटला म्हणजे तू गुफी, उजवा पाय पुढे. हे ऑलीचं, म्हणजे बोर्डासकट उडी मारण्याचं, भोक. ऑली मारताना पुढच्या पायाची करंगळीकडची बाजू बोर्डावर चिकटवलेल्या ग्रिपटेपवरून घासत वर जाते, आणि ग्रिपटेप म्हणजे शेवटी पॉलिश पेपरच, सिलिकॉन कार्बाइडचा. कापडाचा टिकाव लागत नाही. स्वेडच घे, पण पुढचा भाग अखंड एका तुकड्याचा बघ. करंगळीपाशी शिवण असेल तर आधी दोरा तुटतो, मग तिथूनच तोंड उघडतं. आतून रबराचा थर दिलेले बूट मिळाले तर डोळे झाकून घे. लेससुद्धा तिथंच तुटते, त्यामुळे खालची दोन भोकं सोडून लेस ओव.

निशिगंधा_ठाणे

माझी मुलगी तिसरीत आहे, दोन वर्षं स्केटिंगच्या क्लासला जाते. आम्ही आधी चार चाकांचे घेतले होते, आता इनलाइन घेतलेत. माप एक नंबर मोठं घेऊ नका, घोट्याला आधार राहत नाही. आणि गुडघ्याचे पॅड घालाच.

ग्रिपटेप

ताई, तो बोर्डाबद्दल विचारतोय. पायात साधे बूटच असतात, चाकं बोर्डाला.

निशिगंधा_ठाणे

हो का. तरी पॅड घालायला हवेतच ना? आमच्या सोसायटीतला एक मुलगा मनगटावर पडला, सहा आठवडे प्लास्टर होतं.

खडकवासला_काका

प्रश्न अर्धवट आहे. भोक कुठे पडलंय? वरून, बाजूने, की तळाला? वजन किती? रस्ता कसला, डांबरी, काँक्रीट की पेव्हर ब्लॉक? हे सांगितल्याशिवाय बूट सुचवणं म्हणजे रुग्ण न बघता औषध देणं. तोवर माझा सल्ला: नवा जोड घेऊच नका, चांगल्या मोचीकडे जा. माझ्या ट्रेकिंगच्या बुटांना मंडईजवळच्या मोचीनं टायरचा तळ लावून दिलाय, हरिश्चंद्रगड करून आलो, हललासुद्धा नाही.

वल्कवाला

स्केटिंगच्या बुटाला टायर? बोर्ड पायाला कळायला नको का? मी तर म्हणेन वल्कनाइज्डच घे. कापडाभोवती रबराची पट्टी लावून भट्टीत भाजतात, तळ पातळ राहतो, पहिल्या दिवसापासून वाकतो. फ्लिप मारताना, म्हणजे बोर्ड हवेत गरकन फिरवताना, तो कुठे आहे ते तळव्याला समजतं. जाड तळाच्या बुटात ते होत नाही.

ग्रिपटेप

आणि पायऱ्यांवरून उडी मारली की टाच ठणकते, तेही सांग की. कपसोल घे रे. तळ साच्यात तयार केलेला असतो, वाटीसारखा, वरचा बूट त्यात चिकटवून शिवतात. सुरुवातीला कडक वाटतो, आठवड्यात सैल होतो. टिकायला दुप्पट.

वल्कवाला

दुप्पट कुठून? कडेची शिवण ग्रिपटेपनं कापली की तळ सुटायला लागतो. दोन्ही वापरलेत म्हणून सांगतोय.

ग्रिपटेप

शिवणीवर आधीच गोंदाचा पातळ हात फिरवायचा. बूट फाटल्यावर गोंद लावणारे सगळेच आहेत, फाटायच्या आधी कुणी लावत नाही. शू गू लावलास तर चोवीस तास हात लावायचा नाही. फेव्हिक्विक अजिबात नको, वाळून काचेसारखं कडक होतं आणि बूट वाकला की तडकतं.

तळजाईचा_उतार

मी गुफी नाही, रेग्युलर आहे. डावा पाय पुढे. भोक तळाला आहे, चवड्याखाली. वरून बूट ठीक आहे. मला वाटलं होतं ते लिहिलंय. रस्ता डांबरी. वजन ६८.

खडकवासला_काका

बघा! तळाला आहे म्हणे.

गुफी_अँधेरी

मग सगळा प्रकारच वेगळा. रेग्युलर आणि उजव्या बुटाचा तळ, म्हणजे ऑलीचा संबंधच नाही. उजवा हा तुझा ढकलायचा पाय आणि ब्रेकचा पाय. नाव "तळजाईचा उतार" आहे, म्हणजे उतारावरून येतोस आणि पाय घासून थांबतोस, बरोबर? एक काम कर, तळ उन्हात धरून बघ. झिजलेल्या भागाची कड तिरपी आहे का? पुढे पातळ आणि मागे जाड असेल तर तू चवडा आधी टेकवतोस. पूर्ण तळवा सपाट टेकला की झीज टाचेपर्यंत वाटली जाते. मलाही उलट्या बाजूनं हाच त्रास होता, माझा डावा जायचा.

तळजाईचा_उतार

हो, उतारच आहे. सहकारनगरकडे उतरताना शेवटचा टप्पा. तिथं स्पीड ब्रेकर आणि रिक्षा, थांबावंच लागतं. बघितलं, कड तिरपीच आहे. अंगठ्याखालच्या बाजूला कागदाएवढा पातळ झालाय आणि तळाची नक्षी तिथं पूर्ण गुळगुळीत. टाचेला नक्षी अजून जशीच्या तशी आहे.

वल्कवाला

चाकं कसली आहेत? ९९ए ची कडक चाकं असतील तर पॉवरस्लाइड शीक, पाय टेकायची गरजच पडणार नाही. बोर्ड आडवा फिरवायचा, चाकं घासतात, बूट वाचतो.

ग्रिपटेप

पुण्याच्या खरबरीत डांबरावर ९९ए? दात हलतील. अशा रस्त्याला ७८ए च्या आसपासची मऊ, मोठी चाकं लागतात. आणि मऊ चाक रस्ता धरून ठेवतं, पॉवरस्लाइडला सहजी सुटत नाही. उतारावर रिक्षा समोर असताना त्याला हे शिकवू नकोस.

खडकवासला_काका

मूळ प्रश्न असा आहे की भर रस्त्यात उतारावर हे का करायचं? मैदानं ओस पडलीयेत.

तळजाईचा_उतार

काका, मैदानात माती असते, चाक फिरत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन उभं राहू देत नाही. मॉलसमोर गुळगुळीत फरशी आहे, तिथून पाच मिनिटांत हाकलतात. नदीकाठी पेव्हर ब्लॉक, त्यात पुढची चाकं अडकली की माणूस पुढे, बोर्ड मागे. पहाटे मोकळा डांबरी रस्ता मिळतो तेवढाच आमचा. मला हे मनापासून आवडतं, म्हणून रोज जातो. बूट सांगा ना कुणीतरी.

गुफी_अँधेरी

अगदी हेच. आम्हाला कार्टर रोडचा स्केटपार्क तरी आहे, पण रस्त्यावरची मजा तिथं नाही. एखादी पायरी, एखादा कठडा, त्यावर आधी मेण घासायचं, मग आठवडाभर तोच एक ग्राइंड, म्हणजे कडेवरून बोर्ड घासत नेणं.

सॅन_होजेकर

अवांतर, पण कामाचं. १९६६ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला व्हॅन्सचं बुटांचं दुकान निघालं, तिथंच मागे कारखाना. सत्तरच्या दशकात स्केटबोर्डवाली पोरं तिथं गर्दी करायला लागली. त्यांचा पाय घासून एकच बूट झिजायचा, म्हणून ते दुकान एकेक बूट सुटा विकायचं! तुमचा त्रास पन्नास वर्षं जुना आहे. इकडे सेल लागला की मी दोन जोड घेऊन ठेवतो. भारतात येताना कुणी असेल तर आणायला सांगा.

तळजाईचा_उतार

हे आज कुणी करत असेल तर पत्ता द्या. माझ्याकडे घरात तीन डावे बूट आहेत, सगळे धडधाकट.

गुफी_अँधेरी

थांब. मी गुफी. माझ्याकडे उजवे पडून आहेत, धडधाकट. माप काय तुझं? माझं ८.

तळजाईचा_उतार

अरे वा! पण माझं ९.

ग्रिपटेप

कुठलं ९? यूके की यूएस? जिभेच्या आतल्या लेबलावर सेंटिमीटर लिहिलेले असतात, ते वाचा दोघांनी.

तळजाईचा_उतार

यूएस ९ लिहिलंय. २७ सेंमी.

गुफी_अँधेरी

माझं यूके ८, २७ सेंमी! एकच माप. एक स्वेडचा काळा आहे, एक करडा.

वल्कवाला

एक पाय वल्क (वल्कनाइज्ड) आणि एक कपसोल असं करू नका. एका पायाखाली जाडी जास्त झाली की उभं राहणं बिघडतं. सारख्या तळाचे जुळवा.

गुफी_अँधेरी

काळा वल्क आहे, करडा कपसोल.

तळजाईचा_उतार

माझे दोन वल्क, एक कपसोल. म्हणजे दोन जोड जुळले. रंग वेगळे असले तरी चालतील. कुरियरचा खर्च मी देतो, माझा उरलेला डावा हवा असेल तर तोही पाठवतो.

गुफी_अँधेरी

हवाय ना. कुरियर नको, शुक्रवारी रात्री मी पुण्यात येतोय, स्वारगेटला उतरेन. शनिवारी तुमच्यात मलाही घ्या.

खडकवासला_काका

फाटलेला उजवा फेकू नका. वरून चांगला आहे म्हणताय ना? मोचीकडे फक्त चवड्यापुरता टायरचा तुकडा लावून घ्या, कडा घासून समतल करायला सांगा. तोच उताराला वापरा आणि चांगला जोड ट्रिकसाठी ठेवा.

ग्रिपटेप

काकांशी सहमत. उतारावर लाँगबोर्ड चालवणारेही झिजलेल्या तळाला असंच रबर लावून घेतात. फक्त गोंद मोचीकडचाच वापर.

तळजाईचा_उतार

उद्या सकाळी मंडईत जातो. काका, तो मोची नेमका कुठे बसतो?

खडकवासला_काका

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सोमवारी नसतो.

निशिगंधा_ठाणे

मनगटाचे पॅड विसरू नका रे शनिवारी.