हाड मोडल्याचा आवाज घरी कसा काढायचा?

कृष्णाकाठ: आम्ही सांगलीतले चौघं मिळून १२ मिनिटांची भुताची फिल्म करतोय. वाड्यातलं शूटिंग झालं, आता आवाजांवर गाडी अडलीय. मान मुरगळल्याचा आवाज हवाय. काल मंडईतून मुळे आणून माईकसमोर मोडले, पण नुसतं 'कट्' येतं. मांस-हाडाचा ओलेपणाच नाही त्यात. वर पंख्याची घरघर. कुणी केलंय का हे?

मिरजकर: हॉलिवूडचे फोली कलाकार, म्हणजे फिल्मसाठी असे आवाज काढणारे, सेलरी नावाच्या भाजीचे दांडे मोडतात. आपल्याकडे ऊस आहे की! वीतभर कांडं ओल्या पंचात गुंडाळा आणि कपडे पिळतो तसं सावकाश पिळा. आधी धागे तुटल्याची चरचर येते, मग कडाका. ती चरचरच अंगावर काटा आणते, ती अजिबात कापू नका. मुळा टाकू नका, कडाक्याखाली दुसरा थर म्हणून लावा.

वाईवाला: पंखा, फ्रीज दोन्ही बंद करा. माईकच्या मागं रजई टांगा. निम्म्या वेगानं वाजवलं तर आवाज एक सप्तक खाली उतरतो, पण मग तो माणसाचा वाटत नाही. भुतासाठी ठेवा.

कृष्णाकाठ: मिरजकर, जमलं! कोवळं कांडं नुसतं वाकलं, तिसरं जून घेतलं. पंचातून रस मनगटावर ओघळला आणि अगदी मणका सुटल्यासारखा आवाज आला. आई आतून धावत आली, "कुणाला लागलं रे?" तोच टेक ठेवलाय, तिचा आवाज यायच्या आधी कापून.