ब्राउझर पासवर्ड साठवू का विचारतच नाही, उपाय सुचवा

साखळीची_लेक: बाबा ७१ वर्षांचे, बिले भरणे, पेन्शनची कामे जुन्या लॅपटॉपवर स्वतः करतात. फायरफॉक्स सगळीकडे पासवर्ड साठवतो, एका साइटवर मात्र विचारतच नाही. तिथे पेस्टही होत नाही. मी फोंड्याला असते, दर महिन्याला फोनवरून एकेक अक्षर सांगते. फुकटातला उपाय हवा. लॅपटॉप बदलायचा नाही.

पर्वरीकर: लॅपटॉपच बदला. मी ४८ हजारांचा घेतला, बोट ठेवले की काम झाले.

म्हापसा_बाजार: पैसे भरून पासवर्ड मॅनेजर घ्या. दोन वर्षे वापरतोय, एकदाही अडलो नाही.

डिचोलीची_बाई: पूर्वी कधी ‘कधीच साठवू नका’ दाबले गेले असेल. सेटिंग्जमध्ये पासवर्डखाली अपवादांची यादी असते, तिथून साइट काढा. आमच्या ह्यांनी असेच केले होते, सहा महिने साइटला शिव्या घालत होते.

साखळीची_लेक: पाहिली ताई, यादी रिकामी आहे.

कुळागर: मग साइटचाच दोष. पूर्वी साइटवाले ‘ऑटोकम्प्लीट ऑफ’ लिहून साठवणे अडवत. आता मोठे ब्राउझर पासवर्डाच्या रकान्यात ते मानत नाहीत. पण रकाना नेहमीच्या पद्धतीचा नसेल, तर ब्राउझरला लॉगिन झालेले कळतच नाही. पत्त्याच्या जागी ‘about:logins’ (अबाउट:लॉगिन्स) टाइप करा, साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडेल, तिथे नवी नोंद हाताने भरा. पत्ता लॉगिनच्या पानाचाच द्या. ब्राउझर भरतो ते पेस्ट नव्हे, त्यामुळे ती बंदी बहुधा आड येत नाही.

मांडवीकाठ: ब्राउझरमध्ये पासवर्ड ठेवूच नये! लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे दिसते.

कुळागर: म्हणून तर प्रायमरी पासवर्डची, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांना एकच कुलूप लावायची, सोय आहे. शिवाय नकली साइटचा पत्ता वेगळा असतो, तिथे ब्राउझर भरत नाही. म्हातारी माणसे तिथेच फसतात. वहीतला पासवर्ड माणूस कुठेही टाकतो.

फोंडा_तिस्क: अपवादांची यादी बघितली का?

पर्वरीकर: माझ्या लॅपटॉपवर हे काहीच करावे लागत नाही.

साखळीची_लेक: रविवारी घरी जाऊन हाताने नोंद केली. पासवर्ड आपोआप भरला. कुळागर, मनापासून आभार. पण प्रायमरी पासवर्ड लावल्यावर बाबा म्हणाले, एक विसरत होतो, आता दोन विसरेन. तो काढून लॅपटॉप तसाच उघडा ठेवायला माझे मन होईना. शेवटी नोंद पुसली. त्यांना लक्षात राहतील असे चार शब्द जोडून त्यांनीच नवा पासवर्ड केला, वहीत लिहून कपाटात ठेवला. साइटचा बरोबर पत्ता मी बुकमार्क करून दिलाय, तिथूनच जातात. काल पहिल्यांदा मला फोन न करता बिल भरले.