गावच्या घरात चूल ठेवायची की मोडायची?

दापोलीकर: आमचं कौलारू घर वर्षातून दोनदाच उघडतं, मे महिन्यात आणि गणपतीत. यंदा स्वयंपाकघर दुरुस्तीला काढलंय. भाऊ म्हणतो, चूल मोडून ओटा घालू, गॅस आणि इंडक्शन पुरे. मला चूल हवी आहे. गणपतीत कुलूप काढलं की भिंतींना ओल, पाटा-वरवंट्यावर बुरशी. दोन दिवस चूल पेटली की जमीनसुद्धा कोरडी लागते. गॅस जळताना उलट वाफच सोडतो. शिवाय जाळायला नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्या परसात पडूनच असतात.

माहेरवाशीण: चुलीपुढे बसणार कोण, ते आधी सांगा. माझ्या आईने पावसाळाभर ओली लाकडं फुंकली. दिवेलागणीला तिचे डोळे लालभडक असायचे. ओल घालवायची तर कौलांत चार काचेची कौलं बसवा, समोरासमोर खिडक्या ठेवा. त्यासाठी बाईने धूर का खायचा?

श्रीवर्धनकर: चूल नको, पटलं. पण इंडक्शनवरही विसंबू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही पावसात व्होल्टेज पडलं की २००० वॅटची शेगडी बंदच पडते. ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. मात्र निघताना रेग्युलेटर काढून टोपी लावाच. बंद घरात उंदीर नळी कुरतडतात, आमची एकदा कुरतडली होती. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो. घर उघडल्यावर वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका, आधी दारं-खिडक्या उघडा.

दापोलीकर: नळीचं ध्यानात आलं नव्हतं. माहेरवाशीणताईंचंही खरं आहे, आमच्याकडेही फुंकणी आईच्याच हातात असायची. मग आत गॅस ठेवतो आणि चूल मागच्या पडवीत नेतो, कमरेएवढ्या ओट्यावर, वर धुराडं. उकडीचे मोदक आणि आंघोळीचं पाणी तिथे.

माहेरवाशीण: पडवीत पाऊस आडवा येतो, झडप लागेल. आणि पडवीतल्या चुलीने आतली भिंत कशी सुकणार? तुमचं मूळ कारणच गेलं. तरी ठेवायचीच असेल तर मे महिन्यातच लाकडं फोडून माळ्यावर रचा, आणि ती तुम्ही भावांनी फोडा.